'तृतीयपंथी खेळाडू' हा शब्द योग्य आहे का?

प्रश्न : एका लेखात धावपटू कास्टर सेमेन्या आणि वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड या दोघींना 'तृतीयपंथी खेळाडू' म्हटलं आहे. हे बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं?

बरोबर नाही. आणि दोघींना मिळून बसेल असा एकच शब्द शोधूही नये.

हबर्डने 'तिसरा' गट मागितलाच नव्हता. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती महिलांच्या ८७ किलोवरील गटात उतरली (आणि स्नॅचचे, म्हणजे वजन एका दमात डोक्यावर उचलण्याचे, तिन्ही प्रयत्न फसून बाद झाली, हे वादाच्या धुरळ्यात बहुतेकांच्या लक्षातही नाही). जन्मावेळी मुलगा अशी नोंद आणि पुढे स्त्री म्हणून जगणं, यासाठी 'पारलिंगी स्त्री' हा शब्द आता बऱ्यापैकी रुळला आहे.

सेमेन्याची नोंद जन्मापासून मुलगी अशीच आहे. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांत जास्त असणारं हार्मोन नैसर्गिकरीत्याच जास्त आहे. जन्मतःच शरीर स्त्री-पुरुष या ठरीव साच्यात पूर्ण बसत नसेल तर 'आंतरलिंगी' शब्द उपलब्ध आहे, पण ती स्वतःला स्त्रीच म्हणवते. म्हणून मी तरी 'लैंगिक विकासात भिन्नता असलेली धावपटू' असं लांबलचक लिहीन.

नियमही वेगळे होते. मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेने पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या महिला गटातून वगळलं. सेमेन्यासारख्या धावपटूंना मात्र टेस्टोस्टेरॉन २४ महिने लिटरमागे २.५ नॅनोमोलच्या खाली ठेवण्याची अट घातली. दोघींना एकाच शब्दात कोंबलं की ही साधी बातमीसुद्धा नीट लिहिता येत नाही.

'लिंगबदल केलेली' हेही टाळावं. त्यात सगळा भर शस्त्रक्रियेवर जातो. ऑलिंपिक समितीची तशी अट एके काळी होती, पण २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ती गळली आणि भर हार्मोनच्या पातळीवर आला. आताचा वाद मुख्यतः पौगंडावस्थेत कमावलेली उंची, हाडं आणि स्नायू यांचा फायदा नंतर कितपत उरतो, याभोवती फिरतो.

जाता जाता : 'पारलिंगी खेळाडूंवर बंदी' हा मथळाही सैल आहे. जून २०२२ मध्ये जागतिक जलतरण महासंघाने निर्बंध घातले ते महिला गटापुरते. पारलिंगी पुरुषांना पुरुष गट बंद झाला नाही. 'महिला गटातून वगळलं' एवढंच लिहावं. महासंघाने सुचवलेल्या 'ओपन कॅटेगरी'ला, म्हणजे स्त्री-पुरुष अशी अट नसलेल्या वेगळ्या गटाला, 'खुला गट' म्हणताना मात्र एक वाक्य जास्त खर्चावं, कारण मराठी वाचक त्याचा अर्थ वयाची अट नसलेला गट असा घेण्याची शक्यता अधिक.