व्ही-क्रॉसला लिफ्ट आणि ३३ इंची टायर: साडेतीन लाखांचं कर्ज काढावं का?

पुण्यात नोकरी आणि भोरजवळ वडिलोपार्जित शेती असलेल्या एका वाचकाचा हा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०२२ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस फोर बाय फोर पिकअप आहे. गाडी ३१,००० किलोमीटर चालली असून टायर कंपनीचेच, २५५/६० आर१८ मापाचे आहेत. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी रुतते आणि मधल्या उंचवट्याला पोट घासतं, म्हणून त्यांना दोन इंच लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी तेवढी उंच करणं, आणि २८५/७० आर१७ मापाचे, सुमारे ३३ इंची टायर हवे आहेत. गॅरेजवाल्याचं कोटेशन असं: सस्पेन्शन किट १,४०,०००, अपर कंट्रोल आर्म (पुढचं चाक चासीला जोडणारे वरचे दांडे) ४२,०००, चार अलॉय ६०,०००, चार टायर ९२,००० आणि मजुरी १६,०००. एकूण ३,५०,००० रुपये. बँक साडेतेरा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी पर्सनल लोन द्यायला तयार आहे. हप्ता भरण्यासाठी मुलीच्या शिक्षणाची १२,००० रुपयांची एसआयपी तेवढा काळ थांबवायची, म्हणजे घरखर्चाला हात लागणार नाही, असा त्यांचा हिशोब आहे.

हिशोब बेरजेपुरता बरोबर आहे. हातात येणारा पगार १,०५,०००. घराचा हप्ता ३१,००० आणि गाडीचा २९,५००, म्हणजे ६०,५०० आधीच जातात. नव्या कर्जाचा हप्ता साधारण ११,८८० बसेल, म्हणून एसआयपीच्या जागी तो चपखल बसतो. पण हप्त्यांचं पगाराशी प्रमाण आज ५८ टक्के आहे, ते ६९ टक्क्यांवर जाईल. तुमच्याकडे अडीअडचणीसाठी १,८०,००० ची एफडी आहे. हप्ते आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला ९३,००० च्या आसपास लागतात, म्हणजे ही एफडी दोन महिनेही पुरत नाही. अशा घरात तिसरा हप्ता नको. गाडी कुठलीही असती तरी माझं उत्तर हेच असतं.

तीन वर्षांत व्याजच ७७,००० च्या वर जातं. एसआयपी थांबवल्याचा खर्च मात्र कुठल्याच कोटेशनवर दिसत नाही. १२,००० रुपये ३६ महिने भरले आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे पाच लाख होतात. मुलगी तीन वर्षांची आहे. कॉलेजपर्यंत तेच पैसे आणखी बारा वर्षं त्याच दराने वाढले तर पंधरा लाखांच्या पुढे जातात. १० टक्के हा अंदाज आहे, हमी नाही. ८ टक्के धरलात तरी रक्कम बारा लाखांच्या आसपास येते.

आता गाडीकडे वळू, कारण कोटेशनमध्येच एक मोठी चूक आहे. टायर चार आणि अलॉयही चार. मग स्टेपनी कुठली? जुनं चाक ७६३ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि नवं ८३१ मिलिमीटरचं. पंक्चर झाल्यावर एका बाजूला लहान चाक लावून फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन, गाडी चालवली, की पुढच्या-मागच्या शाफ्टचे फेरे जुळत नाहीत आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर येतो. पाचवा टायर आणि पाचवं अलॉय घ्यावंच लागेल, म्हणजे ३८,००० वाढले. तो टायर लोड बॉडीखालच्या स्टेपनीच्या जागेत बसतो का, हेही मोजायला हवं. बसला नाही तर तो वर मागच्या बॉडीत येईल आणि खतांच्या गोण्यांची जागा खाईल.

पोट घासण्याचा प्रश्न तरी सुटतो का? व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन आणि मागे पाटे आहेत. लिफ्टने चासी आणि बॉडी वर जाते. मागच्या एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, मात्र चाकांना बांधलेला असतो. तो फक्त टायरमुळे वर येतो, तोही व्यासातल्या फरकाच्या निम्मा. ६८ मिलिमीटरचा निम्मा म्हणजे ३४ मिलिमीटर, सव्वा इंचाहून थोडं जास्त. चाकोऱ्यांमधला उंचवटा जर त्या गोळ्याला लागत असेल, तर सस्पेन्शन किटच्या १,४०,००० मधला एक रुपयाही तिथे कामाला येत नाही. गॅरेजमध्ये जाण्याआधी एकदा गाडीखाली वाका आणि ओरखडे कुठे आहेत ते पाहा. पुढच्या गार्डवर आहेत की गोळ्यावर, यावर सगळं ठरतं.

२८५चा टायर लिफ्ट केल्यावर सुखाने फिरेल, हीही अर्धीच खरी गोष्ट आहे. लिफ्टने टायर आणि फेंडर यांच्यात वरून जागा मिळते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मागच्या बाजूला, फूटबोर्डजवळच्या बॉडी माउंटला (बॉडी जिथे चासीला बसवलेली असते त्या कानाला) आणि आतल्या प्लॅस्टिकला घासतो. तिथे लिफ्टचा उपयोग कमी. मग गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, थोडं कापून घेऊ.’ प्लॅस्टिक कापणं वेगळं आणि चासीच्या कानाला ग्राइंडर लावणं वेगळं.

कंट्रोल आर्मचे ४२,००० मात्र उगाच लावलेले नाहीत. पुढची बाजू दोन इंच उचलली की कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे चाकांचे कोन, बिघडतात, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तिरके चालतात. स्वस्तातला पर्याय म्हणून शॉकअपवर नुसते स्पेसर ठेवले, तर चाक खाली लोंबताना जॉइंट आणखी तिरके होतात आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. बूट फाटून आत चिखल गेला की आख्खा शाफ्ट बदलायची वेळ येते. मागे पाट्यांखाली ठोकळे घातले तर जोर लावताना एक्सल पिळतो. योग्य पाटे टाकले तरी ब्रेकच्या होजची लांबी पाहावी लागते, दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचा मधला बेअरिंग थरथरला तर तो शिम घालून खाली घ्यावा लागतो, हेडलाइट पुन्हा खाली वळवावे लागतात आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळावे लागतात. अलाइनमेंट चुकलं तर २३,००० चा टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने साफ होतो.

व्यास ८.९ टक्के वाढतो. म्हणजे काट्यावर १०० दिसेल तेव्हा वेग आजच्या त्याच आकड्यापेक्षा जवळजवळ ९ टक्के जास्त असेल. द्रुतगती मार्गावर कॅमेरे आहेत, आणि दंडाची पावती काटा पाहून निघत नाही. गिअरिंग तेवढंच उंच होतं, त्यामुळे १.९ लिटरच्या इंजिनाला घाटात माल घेऊन चढताना एक गिअर खाली यावं लागेल आणि क्लचवर भार वाढेल. तुम्ही महिन्याला १,२०० किलोमीटर चालवता. ॲव्हरेज आज लिटरला १२ आहे. त्यात १० टक्के घट धरली तरी महिन्याला अकरा लिटर डिझेल जास्त लागेल, म्हणजे साधारण हजार रुपये. ओडोमीटर कमी किलोमीटर मोजेल, म्हणून कागदावर ॲव्हरेज आणखीच वाईट दिसेल. ते पाहून घाबरू नका, पण सर्व्हिसही त्याच चुकीच्या आकड्यावर करू नका.

पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठी जोखीम यापुढेच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पाच हजारांनी तुमचं फार बिघडणार नाही. विम्याने बिघडेल. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, १६ लाख आहे आणि ११ लाख कर्ज बाकी आहे. मोठा अपघात झाला, सर्व्हेअरने न कळवलेली लिफ्ट आणि टायर पाहिले आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दावा नाकारला गेला, तर गाडी गेलेली आणि ४४ हप्ते शिल्लक, असं होऊ शकतं. कर्जाच्या करारातही बँकेच्या परवानगीशिवाय बदल करायचा नाही, असं कलम बहुधा असतं, तेही काढून वाचा. सस्पेन्शन आणि ड्राइव्हलाइनच्या वॉरंटीवर कंपनी बोट दाखवेल, हे तर आहेच. विकताना गिऱ्हाईक या साडेतीन लाखांची किंमत देत नाही. उलट मूळ सुटे भाग ठेवलेत का, हेच आधी विचारतं.

म्हणून हे कर्ज काढू नका आणि एसआयपीला हात लावू नका. एप्रिलमध्ये हातात ९०,००० बोनस येणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यातले ५०,००० एफडीत घाला. उरलेले ४०,००० गाडीच्या नावाने बाजूला ठेवा. आजचे टायर आणखी पंधरा-वीस हजार किलोमीटर चालतील. तुमच्या वापराने ते वर्षभर पुरतात, म्हणजे बदलायची वेळ येईपर्यंत पुढचा बोनसही हातात असेल. तेव्हा कंपनीच्याच मापात ऑल टेरेन नक्षीचे टायर घ्या. चिखलात पकड मिळते ती मुख्यतः नक्षीने आणि हवेच्या दाबाने. टायर येईपर्यंत चाळीस हजारांतून जाड पत्र्याचं अंडरबॉडी गार्ड, बारा व्होल्टचा कंप्रेसर, गाडी ओढून काढायचा रिकव्हरी स्ट्रॅप आणि तो अडकवायच्या दोन शॅकल (लोखंडी कड्या) घ्या. रुतण्याआधी फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर देणारा संथ गिअर) लावून हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवा, डांबरी रस्त्यावर येण्याआधी पुन्हा भरा. ओढायचं ते चासीच्या रिकव्हरी पॉइंटला बांधून. ट्रेलरच्या बॉलला स्ट्रॅप अडकवलात तर बॉल तुटून गोळीसारखा येतो.

आणि वाट तुमच्याच शेतातली आहे. जेसीबी तासावर घेऊन मधला उंचवटा काढा, रुतण्याच्या जागी खडी आणि मुरूम टाका, पाण्याला बाजूने चर द्या. दोन-चार ब्रास मुरमाचा वाहतुकीसकट गावातला भाव विचारा आणि तो आकडा साडेतीन लाखांच्या शेजारी मांडा. वाट दुरुस्त झाली की शेजाऱ्याचा ट्रॅक्टरही त्यावरून जाईल. त्याच्याकडून निम्मे पैसे मागायला हरकत नाही.

एफडी साडेपाच लाखांवर, म्हणजे सुमारे सहा महिन्यांच्या खर्चावर पोचली, गाडीचं कर्ज फिटलं आणि तरी हौस उरली, तर रोखीने करा. आधी विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी विचारा, उत्तर हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. माप तेव्हाही २६५/६० आर१८ च्या पुढे नको. व्यास दीड टक्क्याने वाढतो, रिमही तेच राहतात.