ख्रिस्ती लोक फादर सांगतील त्याच पक्षाला मत देतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की चर्चमधून निरोप निघतो आणि सगळे ख्रिस्ती एकगठ्ठा मत टाकतात, हे खरं का. मी वसईचा, सामवेदी कॅथलिक, म्हणजे आमच्या भाषेत कुपारी. एवढी शिस्त आमच्यात असती तर गावच्या सोसायटीची निवडणूक तरी एकदा बिनविरोध झाली असती!

आमच्या घरचंच सांगतो. आजी लाल लुगडं नेसून पंजावर शिक्का मारून यायची, इंदिराबाई गेल्यानंतरही. कारण विचारलं तर "बाई खमकी होती" एवढंच. बाबा समाजवादी. पाद्री व्हायला सेमिनरीत गेलेले जॉर्ज फर्नांडिस ते सोडून कामगारांचे पुढारी कसे झाले आणि १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांनी काँग्रेसच्या बड्या स. का. पाटलांना कसं पाडलं, हे बाबा येशूच्या चमत्कारांच्या पंगतीला बसवून सांगत. हेच जॉर्ज पुढे वाजपेयींचे संरक्षणमंत्री झाले तेव्हा मात्र बाबा त्या विषयावर गप्प. काका शिट्टीवाले, म्हणजे हितेंद्र ठाकूरांच्या बहुजन विकास आघाडीचे. "नळाला पाणी कोण आणतंय ते बघ, बायबल घरी वाच." तिघं रविवारी एकाच बाकावर बसून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकायचे.

फादर निवडणुकीआधी सांगतात ते इतकंच: मतदान चुकवू नका, पैसे घेऊ नका, विवेकाला स्मरून मत द्या. धर्मगुरूंनी पक्षकार्यात सक्रिय भाग घेऊ नये, असं चर्चच्या कायद्यातच आहे (कलम २८७). देशाच्या कायद्यानंही धर्माच्या नावानं मत मागता येत नाही. मिस्सा सुटल्यावर आवारात कुजबुज होते, नाही असं नाही. पण ती लग्नाच्या मांडवातही होते.

आणि 'ख्रिस्ती मतदार' म्हणून एक गठ्ठा बांधायचा तरी कसा? नगरकडचा माझा एक मित्र दलित ख्रिस्ती आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. बाप्तिस्मा घेतल्यानं गावातली जात काही सुटली नाही, दाखला तेवढा सुटला, असं तो म्हणतो. त्यामुळे उमेदवार दारात आला की त्याचा पहिला प्रश्न हाच असतो. माझ्या तो डोक्यातही येत नाही, कारण आमची वाडी वडिलोपार्जित.

मग श्रद्धा कुठे येते? आमच्याकडे ती पाण्यातून आणि जमिनीतून आली. १९८०च्या दशकाच्या शेवटी वसईच्या शेतजमिनीवर इमारती उठायला लागल्या, टँकर विहिरी उपसायला लागले, बावखलं, म्हणजे गावातली छोटी तळी, बुजली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'चं आंदोलन घेऊन रस्त्यावर उतरले. निर्मिती देवाची आहे, आपण राखणदार, हे प्रवचनातलं वाक्य एकदम आपल्या विहिरीबद्दलचं झालं. मोर्चात हिंदू शेजारीही होते, त्यांच्याही विहिरी आटत होत्या. धर्मगुरूनं यात पडावं का, यावर आमच्या घरात ताटं आपटली आहेत. काकांचं म्हणणं, फादरांनी वेदी सांभाळावी. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

२००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं तिच्यातून वगळा, ही मागणी पेटली. त्याच वर्षी विधानसभेला याच मागणीच्या बाजूचे विवेक पंडित अपक्ष उभे राहिले, पाठिंबा शिवसेनेचा. समाजवादी, कॅथलिक, सेनेला आयुष्यभर शिव्या घातलेले माझे बाबा सकाळी लवकर जाऊन त्यांना मत देऊन आले. पंडित निवडून आले. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी बोटाची शाई आईला दाखवली, म्हणाले, "गावासाठी दिलंय, कुणाला सांगू नको," आणि भिंतीवरच्या जॉर्जच्या फोटोकडे पाठ करून जेवायला बसले.