हाताने लिहिल्यासारखा मजेशीर फॉन्ट डिझाइनमध्ये कुठे शोभतो?

तुम्ही विचारलंय की असा फॉन्ट लहान मुलांच्या पुस्तकांशिवाय कुठे चालतो का. चालतो की. माझा साधा हिशोब असा की जिथे कोणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटायला हवं तिथे तो टाकायचा, म्हणजे कॉमिकमधला फुगा, फोटोखालची ओळ, कार्डावरचं नाव, स्टिकर, नाहीतर चित्राशेजारी बाण काढून लिहिलेलं 'इथून उघडा'. दोन-चार शब्द, फार तर एक ओळ. अख्खा परिच्छेद टाकलात की डोळे दुखतात.

कॉमिक सॅन्स ह्या फॉन्टला सगळे हसतात पण त्याचा जन्म ह्यातूनच झालाय. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या व्हिन्सेंट कोनेअरने एक कॉम्प्युटर प्रोग्राम बघितला, त्यात कार्टूनमधला कुत्रा बोलत होता आणि फुग्यातली अक्षरं चक्क टाइम्स न्यू रोमनमध्ये, जणू कुत्रा कोर्टाची नोटीस वाचतोय! म्हणून त्याने कॉमिक्समधली अक्षरं बघून हा फॉन्ट काढला. गंमत म्हणजे त्या प्रोग्राममध्ये तो वेळेत बसलाच नाही, विंडोज ९५ बरोबर पसरला आणि मग जो तो कुठेही वापरायला लागला. २०१२ मध्ये सर्न ह्या युरोपातल्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली त्यातल्या स्लाइड्ससुद्धा कॉमिक सॅन्समध्ये होत्या, त्यावरून केवढी खिल्ली उडाली.

देवनागरीत हवा असेल तर गूगल फॉन्ट्सवर 'कलम' आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा, तीन जाडीत मिळतो, धंद्याच्या कामालाही फुकट. बाकी कुठून उतरवलात तर लायसन्स वाचा, बरेच फक्त घरगुती वापरापुरते असतात.

अशा फॉन्टचा खोटेपणा कुठे पकडला जातो माहितीये? 'काका' टाइप करून बघा. दोन्ही क अगदी छापाचे गणपती, हाताने लिहिताना असं कधी होतं का? कॅव्हिअटसारख्या काही रोमन, म्हणजे इंग्रजी लिपीतल्या फॉन्टमध्ये जागा बघून अक्षराचा आकार थोडा बदलायची सोय असते, सगळ्यात नसते. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, शिरोरेषेचे तुकडे पडतात.

माझी फजिती पण सांगतो. एका कार्यक्रमाचं पत्रक पूर्ण अशाच फॉन्टमध्ये केलं, फोन नंबरसकट. त्यात १ ची शेपटी अशी काही वळली होती की लोकांनी ९ वाचला आणि दिवसभर भलत्याच माणसाला फोन गेले बिचाऱ्याला. तेव्हापासून आकडे, पत्ता, तारीख साध्या सरळ फॉन्टमध्येच ठेवतो.

फॉन्ट नक्की करायच्या आधी 'उत्कृष्ट', 'ज्येष्ठ', 'दुसऱ्या' हे तीन शब्द टाकून बघा, 'दुसऱ्या'तला र नीट जुळत नसेल तर सरळ पुढचा फॉन्ट शोधा.