कॅट, कागद, पेन्सिल : मोफत कोर्सवरून पोकर शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या वाचकांच्या प्रश्नांत पोकरचा गठ्ठा मोठा होता. सगळे प्रश्न टेक्सास होल्डेमबद्दलचे (पोकरचा तो प्रकार ज्यात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे पत्ते असतात), आणि बहुतेकांची तक्रार एकच : फुकटचे कोर्स ढिगाने पाहिले, खेळ मात्र आहे तिथेच आहे. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

लहानपणापासून तीन पत्ती खेळत आलोय. तिथे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पोकरच्या कोर्समध्ये पहिल्याच धड्यात कलर मोठा म्हणून सांगितलं आणि पुढे गेले. असं का? (एक वाचक, कोल्हापूर)

कारण जे दुर्मीळ, ते मोठं. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स वर. पाच पत्त्यांचे हात होतात 25,98,960. त्यात सिक्वेन्स, म्हणजे पोकरमधले स्ट्रेट, 10,200 आणि फ्लश, म्हणजे कलर, 5,108. पाच पत्ते एकाच रंगाचे जुळणं अवघड होत जातं, म्हणून क्रम उलटतो. गंमत अशी की तीन पत्तीत हा नियम सगळीकडे पाळलेला नाही. ट्रेल (तीन सारखे पत्ते) 52 प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा सिक्वेन्स) 48 प्रकारे, तरी मान ट्रेललाच.

हे आकडे कुठून आले हे स्वतः काढून बघा. कोर्समधलं पुढचं सगळं याच मोजणीवर उभं आहे. संभाव्यता विसरला असाल तर दहावीच्या बीजगणितातलं ते प्रकरण बालभारतीच्या ई-पुस्तकात फुकट मिळतं. 52 पत्त्यांच्या कॅटची उदाहरणं त्यात आहेतच. दोन संध्याकाळी पुरतात.

मोफत कोर्स इतके आहेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही. प्रमाणपत्र मिळणारा एखादा सुचवाल का? (एक वाचक, ठाणे)

प्रमाणपत्राचा नाद सोडा, पोकरच्या टेबलावर ते कुणी विचारत नाही. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावर या विषयाचे दोन अभ्यासक्रम आहेत : केविन डेस्मंड यांचा 2015 चा ‘पोकर थिअरी अँड ॲनालिटिक्स’ आणि विल मा यांचा 2016 चा ‘हाऊ टू विन ॲट टेक्सास होल्डेम पोकर’. नावनोंदणी नाही, शुल्क नाही. विचार कसा करायचा, अपेक्षित मूल्य (सरासरी नफा-तोटा) म्हणजे काय, पॉट ऑड्स (समोरच्याच्या रकमेची बरोबरी, म्हणजे कॉल, मध्ये जमलेल्या पॉटच्या मानाने परवडतो का) कसे काढायचे, हे या धड्यांतून नीट कळतं.

मात्र दोन्ही जुने आहेत. सॉल्व्हर, म्हणजे सर्वोत्तम खेळी काढणारी सॉफ्टवेअर, घरच्या संगणकावर सर्रास चालू लागले ते त्यानंतर. त्यामुळे कुठल्या पत्त्यांवर किती रेझ करावी (रक्कम वाढवावी), हे त्या काळच्या कोर्समधून उचलू नका. सुरुवातीची रेझ तेव्हा बऱ्याचदा तीन-चार बिग ब्लाइंडची (ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायची रक्कम, बिग ब्लाइंड त्यातली मोठी) असायची, आता दोन ते अडीचचीही चालते. पाया जुन्या कोर्समधून घ्या, तक्ते नवे घ्या.

पोकर साइट चालवणाऱ्या कंपन्यांचे कोर्स आणखी वेगळे. त्यातलं गणित खोटं नसतं, पण त्यांना तुम्ही टेबलावर बसायला हवे असता. म्हणून ‘केव्हा उठावं’, ‘रेक (पॉटमधला साइटचा वाटा) किती कापला जातो’ या धड्यांना तिथे दोन मिनिटं मिळतात आणि ब्लफला दोन तास.

एकच कोर्स घ्या आणि संपवा. तासाभराच्या व्हिडिओमागे दोन तास कागदावर गेले पाहिजेत. पाच कोर्सचे पहिले तीन-तीन धडे पाहिलेला माणूस पाच वेळा हातांचा क्रम शिकलेला असतो, बाकी काही नाही.

फ्लॉपवर फ्लश ड्रॉ (फ्लशला एकच पत्ता कमी) असेल तर 35 टक्के जिंकण्याची शक्यता, असं कोर्समध्ये शिकलो. त्या हिशेबाने कॉल करत जातो आणि चिप्स कमीच होत जातात. चूक कुठे? (एक वाचक, नाशिक)

चूक त्या 35 मध्येच आहे. तो आकडा टर्न आणि रिव्हर, म्हणजे फ्लॉपच्या पहिल्या तीन उघड्या पत्त्यांनंतरचे चौथा आणि पाचवा, असे दोन्ही पत्ते बघायला मिळाले तरचा आहे, आणि दुसरा पत्ता बघण्याचे पैसे समोरचा वेगळे मागतो.

एक हात मांडून बघू. तुमच्याकडे बदामाचा एक्का आणि बदामाची दश्शी. फ्लॉप : बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर पंजी. पॉटमध्ये 400 चिप्स, समोरच्याने 200 लावले. तुम्हाला 200 घालून 600 मिळवायचे आहेत, म्हणजे 800 पैकी 200, 25 टक्के शक्यता हवी. कामाचे पत्ते, ज्यांना आउट्स म्हणतात, किती? उरलेले बदाम नऊ. समोरच्याकडे राजाची जोडी धरली तर तीन एक्केही कामाचे. न दिसलेल्या 47 पत्त्यांपैकी 12, म्हणजे 25.5 टक्के. कॉल जेमतेम बसतो.

आता टर्नला इस्पिक दुर्री आली. पॉट 800, समोरच्याने 600 लावले. 600 घालून 1,400 मिळवायचे : 2,000 पैकी 600, म्हणजे 30 टक्के हवेत. उरलाय एकच पत्ता. 46 पैकी 12 म्हणजे 26.1 टक्के. तीन एक्के सोडून नुसते बदाम धरले तर 19.6. पुरत नाही. इथे बहुतेक जण मनातल्या मनात ‘35 टक्के आहेत की’ म्हणून चिप्स सारतात.

फोल्डच करायचं, म्हणजे पत्ते टाकायचे का? नेहमीच नाही. फ्लश लागल्यावर रिव्हरला आणखी चिप्स मिळणार असतील तर तेही हिशेबात धरता येतं. नऊ आउट्सवर 37 वेळा पत्ता येणार नाही आणि 9 वेळा येईल. 600 गुणिले 37 भागिले 9, म्हणजे साधारण 2,467. पॉटमध्ये 1,400 आहेत, म्हणजे फ्लश लागेल तेव्हा सरासरी 1,067 आणखी निघाले पाहिजेत. समोरच्याकडे 500 च उरले असतील तर हा कॉल तोट्याचा. बारा आउट्स खरे असतील तर मात्र 300 पुरतात. सगळा प्रश्न ते एक्के खरेच तुमचे आहेत का, हा आहे. त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर एक्का आल्यावर त्याच्या दोन जोड्या होतात.

शिवाय त्याच्याकडे सत्तीचे तीन असतील तर? मग बदाम पंजी आणि बदाम दुर्री आल्यावर तुमचा फ्लश होतो आणि त्याचं फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी), जे फ्लशपेक्षा मोठं. नऊ बदामांतले सातच उरले. आउट्स मोजताना ‘हा पत्ता आल्यावर समोरच्याचं काय होतं’ हे विचारायची सवय लावा.

झटपट हिशेबाची चार आणि दोनची रीत सगळ्या कोर्समध्ये आहे : दोन पत्ते बघायचे असतील तर आउट्स गुणिले चार, एक असेल तर गुणिले दोन. चारने गुणायचं ते समोरचा किंवा तुम्ही ऑल-इन असाल, म्हणजे सगळे चिप्स लावून बसला असाल, आणि पुढे काही द्यावं लागणार नसेल तेव्हाच. आणि आउट्स आठांच्या वर गेले की चारची रीत आकडा फुगवते. पंधरा आउट्सना ती 60 सांगते, खरा आकडा 54. आठांच्या वर जितके आउट्स, तितके वजा करा : 60 उणे 7, 53. इतकं पुरतं.

सुरुवातीच्या हातांचा तक्ता पाठ केला. तरी फ्लॉपनंतर काही सुचत नाही. (एक वाचक, बंगळूर)

आधी तक्ता कुठल्या टेबलाचा आहे ते तपासा. सहा जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून साधारण 15 ते 18 टक्के हात खेळतात, बटणावरून, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी पाळी येणाऱ्या जागेवरून, 40 च्या वर. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून त्याहून बरेच कमी. सहाचा तक्ता नऊच्या टेबलावर वापरणं ही फार आढळणारी चूक आहे.

पण तुमची अडचण पुढची आहे. तक्ता टक्क्यांत पाठ होतो, फ्लॉपनंतर लागतात त्या संख्या. दोन पत्त्यांचे 1,326 हात होतात. कुठलीही एक जोडी 6 प्रकारे येते, एकाच रंगाचे दोन ठरावीक पत्ते 4 प्रकारे, वेगळ्या रंगांचे 12. बोर्डावर, म्हणजे टेबलावरच्या उघड्या पत्त्यांत, राजा, सत्ती, दुर्री आहे आणि समोरच्याने पहिल्या जागेवरून रेझ केलीय असं समजा. एक्का-राजा आता 16 नव्हे, 12 प्रकारे शक्य, कारण एक राजा बोर्डावर गेला. तुमच्या हातात एक एक्का असेल तर 9. राजाचे तीन 3 प्रकारे, राणीची जोडी 6 प्रकारे. ‘त्याच्याकडे काय असेल’ याऐवजी ‘ते किती प्रकारे असू शकतं’ असं विचारलं की धुकं बरंच निवळतं.

रोज रात्री एक बोर्ड खरा कॅट घेऊन मांडा आणि समोरच्याचे हात वहीत मोजा. मग इक्विलॅब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तेच घालून ताडून बघा. आधी वही, मग सॉफ्टवेअर. उलटं केलंत तर नुसती मान डोलावून होते.

सॉल्व्हर शिकावा का? (एक वाचक, पुणे)

पहिले सहा महिने नको. सॉल्व्हर तुम्ही दिलेल्या हातांवरच उत्तर काढतो. समोरच्याचे हात चुकीचे भरलेत तर उत्तर दशांशापर्यंत अचूक आणि तरीही बिनकामाचं. शिवाय तो समोरचाही बिनचूक खेळतो असं धरतो, आणि तुमच्या टेबलावर तसं कुणी नसतं.

त्यातलं एक तत्त्व मात्र आत्ताच घ्या. रिव्हरला पॉटइतकी बेट लावताना दोन चांगल्या हातांमागे एक ब्लफ बसतो. 12 हात खरे असतील तर 6 ब्लफ. समोरच्याला कॉलसाठी 33 टक्के लागतात आणि 18 पैकी 6 वेळा तो जिंकतो, म्हणजे कॉल केला काय, सोडला काय, त्याला सारखंच. बेट अर्ध्या पॉटची असेल तर तीनामागे एक. हे प्रमाण हाताने काढता आलं की मग सॉल्व्हर उघडा.

सरावासाठी ऑनलाइन थोडे पैसे लावून खेळू का? (एक वाचक, सोलापूर)

भारतात नाही. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा असा भेद ठेवलेला नाही. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिक्षा खेळणाऱ्यासाठी नाही, पण बँकांनाही असे व्यवहार करायला मनाई आहे. परदेशी साइटवर अडकलेले पैसे कुणाकडे मागणार? कोर्स करणं, विनापैशाचा सराव करणं याला कसलीच आडकाठी नाही.

विनापैशाच्या ॲपवर मात्र सगळेच सगळं कॉल करतात, आणि आपल्यालाही तीच खोड लागते. उपाय घरगुती आहे. चार-सहा जण जमवा, प्रत्येकाला 200 चिंचोके, ब्लाइंड 1 आणि 2. म्हणजे प्रत्येकाकडे शंभर बिग ब्लाइंड. दर वीस मिनिटांनी ब्लाइंड दीडपट-दुप्पट करा. संपले की माणूस बाद, पुन्हा चिंचोके नाहीत. या एका नियमानेच लोक पत्ते टाकायला लागतात. घरीसुद्धा पैसे आणू नका, महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.

प्रत्येक बैठकीतले तीन हात लिहून ठेवा : कोण कुठे बसलं होतं, कुणाकडे किती चिंचोके होते, प्रत्येक टप्प्याला पॉट किती झाला, आणि त्या क्षणी आपण काय विचार केला. शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी भरू नका. रात्र गेली की माणूस आपल्या बाजूने लिहितो.

दोन महिने झाले, हरतोच आहे. कोर्सचा उपयोग होत नाही असं समजू का? (एक वाचक, नागपूर)

दोन महिन्यांत हात किती झाले? घरच्या टेबलावर तासाला 25-30 हात पडतात. आठवड्याला चार तास म्हणजे 120 च्या आसपास, दोन महिन्यांत हजार. एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

नो-लिमिट होल्डेममध्ये दर शंभर हातांमागे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) साधारण 80 ते 100 बिग ब्लाइंड असतं. 90 धरू. शंभर हातांमागे 5 बिग ब्लाइंड कमावणारा, म्हणजे चांगलाच खेळाडू, 10,000 हातांत सरासरी 500 मिळवेल, पण विचलन 900 चं. म्हणजे तो 10,000 हातांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 29 टक्के. 1,00,000 हातांनंतर ती 4 टक्क्यांवर येते. तुमच्या वेगाने 10,000 हातांनाच दीड वर्षाहून जास्त लागेल.

म्हणून निकाल मोजू नका, चुका मोजा. वहीतल्या हातांपैकी कितींमध्ये पॉट ऑड्सचा हिशेब चुकला, कितींमध्ये तो केलाच नाही. हा आकडा महिन्यागणिक उतरत असेल तर कोर्स लागू पडतोय.

समोरच्याचा चेहरा वाचायला कुठे शिकवतात? (एक वाचक, मडगाव)

चेहऱ्याने सुरुवात नको. नवख्यांच्या हातांच्या हालचाली चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतात. पत्ते वाटले की लगेच स्वतःचे बघू नका, डावीकडच्या दोघांना त्यांचे बघू द्या. तुमची पाळी यायच्या आत एखाद्याने पत्ते टाकायच्या बेताने उचललेले असतात, एखाद्याचा हात चिप्सकडे गेलेला असतो. दोघंही टाकणार असं दिसलं की बटण जवळजवळ तुमच्याकडे आल्यासारखंच झालं. मग आपले पत्ते उचला.