आधी दगड द्या, मग रंग

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा चौथीत आहे. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांतली आदिमानवांची चित्रं बघून तो म्हणाला, "त्यांना नीट काढता येत नव्हतं ना?" सुट्टीत कॉलनीतली 7-8 मुलं आमच्याकडे जमतात. गुहाचित्रांच्या प्रिंट काढून रंगवायला देऊ का?
– एक आई, शाहूपुरी, सातारा

उत्तर : ताई, प्रिंट नका देऊ. आधी दगड द्या.

स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेच्या छतावर बायसन, म्हणजे रानगव्यांसारखी जनावरं रंगवलेली आहेत. छताला जिथं फुगवटा होता, तिथंच त्या माणसांनी जनावराचं अंग बसवलं. दगडात प्राणी आधी दिसला, रंग मागाहून लागला. अशी नजर असलेल्याला चित्र येत नव्हतं, असं कसं म्हणायचं? 1879 साली ती चित्रं आधी दिसली तीही एका लहान मुलीला. वडील जमीन उकरत होते, तिनं वर बघितलं. हे मुलांना जरूर सांगा.

एका सकाळी सगळ्यांना माहुलीला न्या. संगमाच्या काठावर प्रत्येकानं एकच गोटा उचलायचा आणि त्यात कोण दडलंय ते शोधायचं. पाण्याकडे मोठ्यांनी उभं राहायचं. मागच्या वर्षी माझ्याबरोबरची एक मुलगी कितीतरी वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली, "बाई, ही गाभण म्हैस आहे." दगडाचं पोट खरंच तसं होतं. तिनं फक्त शिंगं काढली. मला तो गोटा अजून आठवतो.

रंगाला कुंड्यांना लावतो तो गेरू आणा. भीमबेटकाचा लाल रंगही लोहाच्या मातीचाच. डिंकाच्या पाण्यात कालवा. काळ्याला कोळसा, पांढऱ्याला खडूची पूड. चुना नको, डोळ्यात गेला तर भाजतो. ब्रशऐवजी बोटं, नाहीतर टोक ठेचलेली कडुनिंबाची काडी.

त्या काळी भिंतीवर हात टेकवून भोवती रंग फुंकत. मुलांना तोंडानं फुंकू देऊ नका. जुना टूथब्रश फणीवर घासला की तसेच तुषार उडतात.

एक दिवस अंधाराचा ठेवा. जेवणाच्या टेबलाला खालून चुरगाळलेला खाकी कागद चिकटवा, चादरी सोडा, आत एकच टॉर्च. उताणं पडून कोळशानं काढू द्या. दोन मिनिटांत हात भरून येतो. तेव्हा मुलाला त्याचाच प्रश्न पुन्हा विचारा.

भीमबेटका लांब आहे, पण रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती तर खऱ्या हत्तीहून कितीतरी मोठा. गेलात तर रेषांवर पाय पडू देऊ नका, आणि फोटोसाठी त्यांत खडू भरू नका.