गोठ्याचं लाकडी फाटक: आधी खांब, मग फळ्या

दादा, फळ्यांचं माप मागितलंत, पण मी आधी खांबाचं विचारीन. दहा फुटी फाटकाचं सगळं वजन बिजागरीकडच्या एकाच खांबावर येतं. तो जुन्या, चांगल्या वाळलेल्या बाभळीचा किंवा सागाचा घ्या आणि निदान तीन फूट जमिनीत जाऊ द्या. गाडायच्या भागाला डांबर लावा. ते जमिनीच्या वरही वीतभर आलं पाहिजे, कारण लाकूड कुजतं ते नेमकं मातीच्या तोंडाशी. काळ्या जमिनीत खड्ड्यात तीच माती परत लोटू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि खांब हलायला लागतो. मुरूम-दगड थराथराने पहारीने ठोकून भरा आणि दर थराला ओळंबा लावून बघा.

तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपासून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात गेली पाहिजे. म्हणजे मोकळ्या टोकाचं वजन दाबाने बिजागरीवर उतरतं. उलटी बसवली तर सगळा ताण सांध्यातल्या खिळ्यांवर येतो आणि फाटक लोंबतं. सांध्यांना खिळे नकोतच, वायसर घालून नटबोल्ट वापरा.

खालच्या पट्ट्या जवळजवळ घ्या, करडं हमखास डोकं घालतात. फळ्या जनावरांच्या बाजूने ठोका, म्हशीने अंग घासलं तरी त्या चौकटीवरच दाबल्या जातात. बिजागरीच्या वरच्या हुकाचं टोक खाली वळवा, नाहीतर म्हैस शिंगाने अख्खं फाटक उचलून काढते. कडीला खिटी हवीच.