पहिली एमटीटी लावण्याआधी
एम.फार्म. फार्माकॉलॉजीच्या प्रबंधासाठी एमटीटी (औषधाचा पेशींवरचा परिणाम रंगावरून तपासणारी चाचणी) लावणार असशील, तर आधी डीएमएसओचं, म्हणजे औषध ज्यात विरघळवतो त्या द्रावकाचं, गणित पक्कं कर. डीएमएसओतला औषधाचा स्टॉक (मूळ द्रावण) शेवटी हव्या असलेल्या तीव्रतेच्या हजारपट ठेव, म्हणजे वेलमध्ये (प्लेटच्या छोट्या खळग्यात) डीएमएसओ 0.1 टक्क्यावर राहील. नुसत्या मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) डायल्युशन करत गेलं की डीएमएसओही पायरीपायरीने घटतो आणि कंट्रोलशी (औषध नसलेल्या वेलशी) तुलनाच कोलमडते. कंट्रोलसकट सगळीकडे तो सारखाच हवा.

96 वेलच्या प्लेटच्या कडेला बाष्पीभवन जास्त, तिथे पेशी न टाकता पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भर. पेशींनी एमटीटीपासून बनवलेले जांभळे स्फटिक पूर्ण विरघळल्यावरच 570 नॅनोमीटरला रीडिंग घे.

एक मात्र विसरू नकोस: एमटीटी पेशी मोजत नाही, त्यांची चयापचय क्रिया मोजते. क्वेर्सेटिनसारखं वनस्पतीजन्य संयुग पेशींशिवायही रंग आणतं. म्हणून औषध घातलेल्या, पण पेशी नसलेल्या वेलचा आकडा वजा केल्याशिवाय आयसी50 (परिणाम निम्म्यावर आणणारी औषधाची तीव्रता) काढू नकोस.